पंतांचा उपास

खरं हाय! समदं खरं हाय! शब्दन् शब्द खरा हाय, आन् ज्याला खोटं वाटतंय त्यानं आत्ताच उठून जावं, मागं बसून कुजबुजू न्हाय. तुळजापूरच्या देवीची शपथ घेतली असती, पर आमच्या घरातनं छप्पन साली देव भाईर काढले. आता नुसत्या शपथंपुरती देवी बोलवायची म्हंजे तिलाबी राग यायचा. म्हणून तव्यावरच्या भाकरीची आण घेते. बस्स? चला.

माझा नवरा अंपायर हुता. टेनिसचा. क्रिकेटचा अंपायर उनात उभा ऱ्हातो. टेनिसचा शिडीच्या उंच खुर्चीवर बसतो, झाडावर घुबड बसावं तसा, आन् खाली दोघं जण बॉल बडवत असले की मान इकडून तिकडं करतो. त्याचं नाव बब्रुवान. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं म्हणत्यात. म्या रोज घ्यायची, रागानं तर लईच येळा, तरी गडी ऐंशीच्या फुडं गेला.

धाराशिवात टेनिस कुठलं, असं तुमाला वाटंल. हुतं. निजामाच्या राजवटीत साहेब लोकांनी कचेरीच्या मागं क्लब काढला हुता. चार चिंचा, एक पत्र्याची खोली आन् एक मातीचं कोर्ट. ते कोर्ट शेणानं सारवायचं, आपण आंगण सारवतो तसं. सारवायचं काम माझं. चुन्याच्या पांढऱ्या लाइनी पडायच्या आदुगर तिथं माझा हात फिरायचा. कुठं उंचवटा हाय, कुठं जमीन पोकळ वाजती, समदं माझ्या तळहाताला ठावं. म्हणून ही गोष्ट म्या सांगते. साहेब लोकांनी सांगितली असती तर नुसता स्कोर सांगितला असता.

बब्रुवान औरंगाबादला कॉलेजात शिकला. तिथं त्याला ह्या खेळाचा नाद लागला. पर खेळताना बॉल सोडून बाकी समदं मारायचा. एकदा जाळी फाडली, एकदा मास्तरांचा चष्मा. तवा मास्तरांनीच त्याला खुर्चीवर चढवला, म्हणले, तू वर बस बाबा, म्हंजे खालचे लोक सुखरूप ऱ्हातील. तिथं मातूर गडी जमला. मंग साखर कारखान्याच्या हापिसात नोकरी लागली, पुण्याला जाऊन अंपायरची परीक्षा दिली, आन् निळा कोट घेऊन आला. वैशाखातबी तो कोट काढायचा न्हाय. उकडून भेंडीगत व्हायचा, पर कोट आंगावर.

आता लाइनवाल्यांचं सांगते. लाइनमन म्हणलं की आमच्याकडं विजेच्या खांबावर चढणारा गडी डोळ्याफुडं येतो, म्हणून क्लबात लाइनवाला म्हणायचे. एकेका लाइनीच्या टोकाला एकेक जण खुर्ची टाकून बसतो. बॉल लाइनीच्या भाईर पडला की "आऊट!" म्हणून वरडायचं आन् हात फेकायचा. आत पडला तर काय बोलायचं न्हाय, दोन्ही तळहात जमिनीकडं पसरून दावायचे, सारवताना धरतो तसे.

आन् आमच्या क्लबाची एक रीत हुती. निजामाच्या येळचा कोण तालुकदार साहेब पाडून गेला. मॅच संपली की अंपायरनं खाली उतरायचं आन् परत्येक लाइनवाल्याला सोताच्या हातानं पेलाभर पाणी द्यायचं. ते पाणी प्यालं की लाइनवाला मोकळा. तवर त्यानं खुर्ची सोडायची न्हाय, मग भाईर घर जळत असलं तरी. ह्यानं काय व्हायचं, की मॅच संपल्यावर कुणी भांडण काढलं तर साक्ष द्यायला गडी जाग्यावर. रीत चांगली हुती. पर रीत पाडणाऱ्याला काय ठावं, फुडं कोण कुणाला पाणी देणार हाय.

मागच्या लाइनीवर, तिला बेसलाइन म्हणत्यात, तिथं विष्णुपंत बसायचे. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, कचेरीत कारकून. निजामाच्या येळेपास्नं त्याच लाइनीवर. नजर अशी की बॉल आदुगर पंतांना इचारून पडायचा. मानूस वाईट न्हवता. माझ्या सारवणाला "छान झालंय हो बनाबाई" म्हणायचे, लांबूनच.

बब्रुवान अंपायर झाला आन् पैल्याच मॅचनंतर पेला घेऊन पंतांफुडं उभा ऱ्हायला.

"घ्या पंत."

पंत म्हणले, "आज एकादशी आहे माझी."

"एकादशीला पाणी चालतंय की."

"निर्जळी आहे."

आन् हात जोडून उठले. पाणी प्याल्याबिगर! फुडच्या मॅचला सोमवार निघाला. त्याच्या फुडच्या मॅचला दाढ दुखली. मंग परदोष, मंग संकष्टी, मंग पोट बिघडलं. अंपायर बदलून दुसरा कुणी आला की पंत गटागटा प्यायचे, आन् बब्रुवान आला की उपास. समद्यांना कळत हुतं. कुणी बोलत न्हवतं. बब्रुवान हसून पेला मागं घ्यायचा, आन् घरी आला की माझ्या हातची भाकर न बोलता खायचा. एकदा म्हणला, "बने, एक दिवस ह्या मानसाला म्या पाणी पाजल्याबिगर ऱ्हाणार न्हाय."

म्या म्हणलं, "तुमी काय आड हाय का पाजायला? सोडा की."

"न्हाय सोडणार," म्हणला.

तर असा त्यो काळ. मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. म्हणायला बहात्तरचा, पर खरा जीव काढला त्याच्या फुडच्या उन्हाळ्यानं. आडात दगड दिसाया लागले. बाया खडी फोडायला, खायला परदेशी लाल मिलो जवारी आन् सरकारी सुकडी, पाणी टँकरचं. आन् अशात कारखान्याचे चेरमन आबाराव उठले आन् म्हणले, "सहकार करंडक भरवायचा!"

कुणीतरी भीत भीत म्हणलं, "चेरमनसाहेब, दुष्काळ हाय."

"आरं मग चांगलंच की! पाऊस न्हाय म्हंजे मॅच भिजायची भीती न्हाय. मंत्री येणार हायेत. कोर्ट तयार ठिवा."

म्या जनावरांच्या छावणीतनं शेण आणलं. उसाचं वाडं खाऊन जगलेल्या गुरांचं शेण ते, नुसता भुसा. कारखान्याच्या टँकरचं पाणी घालून कालवलं, तवा भवतीच्या बाया माझ्याकडं अशा बघत हुत्या की म्या त्यांच्या लेकरांचं दूध सांडतेय. म्या खाली मान घालून सारवलं. दुपारपातुर वाळून त्याचा खडक झाला.

फायनल लागली. उन असं की चिंचेची सावलीबी चिंचेच्या बुडाला चिकटून बसली हुती. पंत आले, सोबत त्यांचा घरचा पितळी तांब्या. दर मॅचला आणायचे, मदी मदी त्यातलं पाणी प्यायचे. त्या दिवशी खुर्चीशेजारी ठिवताना तांब्या आडवा झाला, आन् म्या बघितलं, त्यातनं थेंब पडला न्हाय. घरचा आड आटलेला. लोकांना दिसावं म्हणून रिकामा तांब्या घेऊन आलता मानूस.

मॅच लांबत चालली. बाजू बदलताना खेळाडू थांबतात तवा बब्रुवाननं खाली वाकून हाक मारली, "पंत, उलीसं पाणी घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

"आज एकादशी आहे."

"एकादशी परवा झाली की!"

"मग आज दुसरं काहीतरी असेल," पंत म्हणले. लोक हसले. पंतबी हसले उलीसं. ते त्यांचं शेवटचं हसणं.

त्यानंतर पंतांचा आवाज बदलला. "आऊट" म्हणले की वाळलेलं पान पायाखाली मोडल्यागत वाजायचं. पर निकाल बरुबर. शेवटचा बॉल त्यांच्याच लाइनीवर पडला. पंतांनी दोन्ही तळहात पसरले: आत. टाळ्या पडल्या, आबारावांनी मंत्र्याच्या गळ्यात हार घातला, आन् बब्रुवान पेला घेऊन समद्या लाइनवाल्यांकडून फिरत फिरत पंतांपाशी आला.

"पंत, पाणी."

पंतांचे तळहात तसेच. पसरलेले. डोळे लाइनीवर. एक माशी डोळ्याच्या कडंला बसली, पाणी हुडकत असंल बिचारी, आन् पंतांची पापणी हालली न्हाय.

मांडवात सरकारी दवाखान्याचे डाक्टर बसले हुते, ते पळत आले. नाडी बघितली, हात हालवून बघितला, तर हात लाकडागत. डाक्टरांनी वर बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला.

"हे आत्ता नाही गेले," ते हळू म्हणले. "बराच वेळ झालाय. शेवटच्या सेटच्याही आधी."

आता मला सांगा. शेवटच्या सेटमदी तवर "आऊट, आऊट" म्हणत कोण हुतं?

लोकांनी ते तिथंच पुरलं. उनानं मेंदू तापला, डाक्टर चुकले, असं म्हणून मोकळे झाले. पर फुडच्या हिवाळ्यात परत मॅच भरल्या तवा पंतांच्या जागी बसायला एकबी गडी तयार हुईना. शेवटी त्यांची वेताची खुर्ची तशीच मांडली, रिकामी. मान म्हणून. बब्रुवान शिडीवर चढला. म्या कडंला शेणाची पाटी घेऊन बसले हुते.

तिसरा का चौथा बॉल मागच्या लाइनीच्या भाईर गेला.

"आऊट!"

वाळलेलं पान मोडलं.

खेळणाऱ्यांनी बब्रुवानकडं बघितलं, त्यांना वाटलं अंपायरच बोलला. लोकांनाबी तसंच वाटलं. बब्रुवाननं माझ्याकडं बघितलं. म्या खुर्चीकडं. खुर्चीत कुणी न्हवतं, भर दुपारचं लख्ख उन तिच्यावर पडलं हुतं, आन् वेताची बैठक खाली दबलेली हुती. मानूस बसल्यावर दबती तशी.

मॅच संपली. बब्रुवान पेला घेऊन निघाला. बाकीच्यांना दिला, आन् पंतांच्या खुर्चीपाशी येऊन पाय थांबले. पर रीत ती रीत.

"पंत," म्हणला, "पाणी."

आन् म्या ऐकलं. ह्या दोन कानांनी ऐकलं.

"आज चतुर्थी आहे."

माझ्या हातातली पाटी पडली. मेल्यावरबी उपास! आवं, तिकडं वर कोण बसलंय बघायला, कुणाच्या हातचं प्यालात म्हणून? पर पंत ते पंत. पाणी घेईनात, आन् जित्तेपणी हात जोडून उठायचे तसं आता पाणी घेतल्याबिगर उठता येईना. सोताच्याच उपासानं सोताला खुर्चीला बांधून घेतलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सारवायला गेले, तर त्या खुर्चीच्या चार पायांमदली जमीन तडकलेली. तळं आटल्यावर तळाला भेगा पडतात, तशा. म्या बोटभर जाड थर दिला. दुपारी बघितलं, परत भेगा. त्या हिवाळ्यात बाकी कोर्ट दवानं भिजायचं, आन् तेवढी चौकट कोरडी ठणठणीत.

बब्रुवान पैले घाबरला. दोन दिस जेवला न्हाय. मंग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आपली मागची लाइन आता कवाच चुकत न्हाय.

तिथनं त्याचं नशीब उघडलं. सोलापूरला बोलावणं आलं, मंग पुणं, मंग हैद्राबाद, मद्रास. कुठंबी गेला की एकच अट घालायचा: बेसलाइनवर एक खुर्ची रिकामी ठिवा. लोकांना वाटायचं, मोठ्या अंपायरची लहर हाय. कुणी गळ्यात ताईत घालतं, हा खुर्ची मांडतो. आन् खुर्ची मांडली की पंत हजर. आवाज आला की बब्रुवान खालीवर तोंड हालवायचा, म्हंजे बघणाऱ्याला वाटावं हाच बोलला. आरशाफुडं सराव करायचा त्याचा! म्या चुलीपाशी बसून हसायची. कलकत्त्याला हिरवळीवर खेळत्यात म्हणं. तिथनं परत आला तवा मला म्हणला, "बने, तिथंबी चार पायांमदलं गवत जळलं गं. माळी मलाच शिव्या देत हुता."

नाव झालं. पेपरात फोटू आला. "बब्रुवानचा निकाल फिरत न्हाय," असं मोठे मोठे खेळाडू म्हणायचे. आन् त्यानं त्या लाइनीकडं बघायचंच सोडून दिलं. कशाला बघायचं? तेवढ्या येळात मांडवातली पागोटी मोजायचा.

म्या एकदा म्हणलं, "ही उसनी नजर हाय तुमची. त्या मानसाला मोकळं करा."

"कसं करू? पाणी देतो की म्या दर बारीला. तेच घेत न्हाईत."

"देता कसं? दुकानदारानं उरलेली भाजी फुडं सरकवावी तसं. नको म्हणले की तुमाला बरंच वाटतंय."

त्यावर तो म्हणला, "जलमभर माझ्या हातचं पाणी नको म्हणला. बसू दे की आता माझ्यासाठी उनात." आन् खरं सांगू का, माझ्याबी मनात कुठंतरी तेच हुतं. माझ्या सासूनं गावच्या आडावर तासन् तास घागर घेऊन उभं ऱ्हाऊन काढलेत, वरच्या जातीच्या बायांनी कवा पाणी वतावं म्हणून. एका पंतानं थोडं तहानलेलं ऱ्हायलं तर काय बिघडलं, असं म्याबी म्हणलं मनात.

पर मंग ते घरात आलं.

भर दुपारी. म्या रांजणातनं पाणी घेतलं, पेला तोंडाला लावला, आन् माझ्या घोटासोबत कोपऱ्यातनं आवाज आला. घशाला कोरड पडल्यावर मानूस नुसतंच गिळतो, तसा. गुटुक. म्या पेला खाली ठिवला. आवाज थांबला. परत प्याले. गुटुक. कोपऱ्यात काय न्हाय, बब्रुवानच्या निळ्या कोटाची खुंटी तेवढी.

त्या दिवसापास्नं घरात कुणीबी पाणी प्यालं की ते वाजायचं. पाव्हणे यायचे, पेला उचलायचे, आन् मदीच थांबून इकडं तिकडं बघायचे. माझी धाकटी जाऊ तर आमच्या घरी पाणीच पीना, म्हणायची, "आक्का, तुमच्या घरात कुणीतरी माझ्याकडं बघत गिळतंय." म्या पेला घेऊन भाईर रस्त्यावर जाऊन प्यायला लागले. लोकांना वाटलं म्हातारी व्हायच्या आदीच खुळी झाली.

आन् तिकडं कोर्टावर पंतांचा आवाज उतरत चालला. पैले वाळलं पान हुतं, मंग वाळू सरकल्यागत झाला. बब्रुवानला कान दिऊन ऐकावं लागायचं. त्यात शायशीचं साल उजाडलं, परत दुष्काळ. परत टँकर, परत छावण्या, आन् परत आबाराव. आता केस पांढरे झालेले, पर हौस तीच.

"सहकार करंडक! आन् ह्या बारीला पुण्याचे रेफ्री येणार हायेत, राघवेंद्रसाहेब!"

रेफ्री म्हंजे अंपायरांचा अंपायर. दिल्लीला परदेशी खेळाडूंची मोठी मॅच हुती, आन् तिथं खुर्चीवर कोण बसणार ते ह्या राघवेंद्रसाहेबांच्या हातात. आमचा करंडक नीट पार पडला की बब्रुवान दिल्लीला. त्यानं आयुष्यभर त्याचीच वाट बघितली हुती. मास्तरांचा चष्मा फोडल्यापास्नं म्हणा की. कोटाला नवीन बटणं लावली. म्या इस्त्री केली. जाताना पाणी प्याला, आन् कोपऱ्यातनं गुटुक झालं न्हाय. आमी दोघांनीबी एकमेकांकडं बघितलं. त्यो आवाज नकोसा झाला हुता खरा, पर त्या दिवशी तोच ऐकायला म्या कोपऱ्याकडं कान लावला.

फायनल. तसंच उन, तसंच खडक झालेलं सारवण. बॉल पडला तरी डाग उमटंना, इतकं कोर्ट वाळलेलं. लग्नाच्या मांडवातला भोंगा लावला हुता, अंपायर बोलला की पार बसस्टँडपातुर ऐकू जायचं. राघवेंद्रसाहेब चिंचेखाली बसले हुते, पांढरी टोपी, मांडीवर कागद.

मॅच शेवटाला आली. आता हा एक पॉइंट, की एकाच्या हातात करंडक. बॉल उंच गेला, खाली आला, आन् मागच्या लाइनीपाशी पडला.

बब्रुवाननं सवयीनं तोंड उघडलं.

आवाज आला न्हाय.

तोंड उघडं तसंच ऱ्हायलं. दोघं खेळणारे वर बघतायत, मांडव वर बघतोय. म्या खुर्चीकडं बघितलं. वेताची बैठक दबलेली हुती, पार खाली, फाटंल अशी. आन् खुर्चीखालच्या भेगांतनं बारीक धूळ निघत हुती, दम लागलेल्या मानसाच्या छातीगत, आत, भाईर, आत, भाईर. पंत हुते तिथं. बॉल त्यांना दिसला हुता. सांगायला थुंकी न्हवती तोंडात.

राघवेंद्रसाहेब उठले. "अंपायर, निर्णय?"

आता बघा, आऊट म्हणला असता तरी चाललं असतं, आत म्हणला असता तरी चाललं असतं. डाग न्हाय, साक्षीदार न्हाय, आन् बब्रुवानचा निकाल कुणी फिरवत न्हाय. एक शब्द, आन् दिल्ली. त्याचा हात वर उठताना म्या बघितला. मंग त्यानं त्या दबलेल्या खुर्चीकडं बघितलं. लई येळ बघितलं. हात खाली घेतला, आन् भोंग्यात बोलला:

"मला दिसलं न्हाय."

बसस्टँडपातुर ऐकू गेलं. मला दिसलं न्हाय.

मांडवात हशा पिकला, शिट्ट्या वाजल्या. पॉइंट परत खेळवला, कुणीतरी जिंकलं, कोण ते मला आठवत न्हाय. राघवेंद्रसाहेबांनी कागदाची घडी घातली आन् खिशात ठिवली. जाताना बब्रुवानला एवढंच म्हणले, "न दिसलेलं न दिसलं म्हणणं नियमाला धरून आहे. पण दिल्लीला मला दिसणारा माणूस हवाय."

आबाराव मातूर फुटले. "आरं बब्रुवान, निस्तं आऊट म्हणला असतास तर जीभ झडली असती का? गावाचं नाव दिल्लीला गेलं असतं, ते तू बसस्टँडवर घालवलंस!"

बब्रुवाननं रीतीपरमाणं लाइनवाल्यांना पाणी दिलं. लोक पांगले, उन उतरलं. मंग पेला भरून घेतला, कोट काढला, घडी करून जमिनीवर ठिवला, आन् पंतांच्या खुर्चीफुडं मांडी घालून बसला. कोट काढलेला म्या पैल्यांदा बघितला कोर्टावर. म्या पाटी घेऊन लांब उभी.

"पंत, आज कुठला उपास हाय?" म्हणला.

पेला फुडं धरला.

"जो असंल तो असू द्या. म्या काय फुडं सरकवून जाणार न्हाय आज. बसतो. बारा-तेरा वर्सं तुमची नजर वापरली. आपलं कायबी न्हवतं त्यात. तुमाला बसवून ठिवलं, ते मुद्दाम ठिवलं. आज गावाफुडं सांगितलं, मला दिसलं न्हाय. माझी लाज गेली. आता तुमची ऱ्हायलीय. तुमी म्हणा, तहान लागलीय."

कायच झालं न्हाय. चिमण्या ओरडत हुत्या. बब्रुवानचा हात भरून आला, त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, पर पेला खाली ठिवला न्हाय. म्या म्हणणार हुते, चला घरी, तेवढ्यात पेल्यातलं पाणी उलीसं हाललं. वाऱ्यानं हालतं तसं. वारा न्हवता. मंग कडंनं ते खाली जाया लागलं. सावकाश. दोन बोटं. चार बोटं. लाजत लाजत प्यायल्यागत. आन् मंग एकदम, गट गट गट, जसं लहान लेकरू पेतं. आवाज माझ्या कानात अजून हाय. पेला रिकामा झाला. वेताची बैठक कुरकुरली आन् वर आली.

तवा खुर्चीतनं आवाज आला. पान न्हाय, वाळू न्हाय, चांगला ओला आवाज. "गोड आहे रे पाणी, बब्रुवान."

बब्रुवान दिल्लीला गेला न्हाय. फुडं जिल्ह्याच्या मॅचला बसायचा, मुरुम, ईट असल्या गावांत, शाळांच्या पोरांच्या. चुकायचा. पोरं वरडायची, "आजोबा, आत हुता, आत!" तो म्हणायचा, "असंल बाबा, परत खेळा." घरी येऊन रांजणातलं पाणी घेऊन घटाघटा प्यायचा, आन् कोपरा गप.

आता तुमी इतका येळ ऐकलं म्हणून सांगते. त्यातलं एक म्या घातलंय. एकच. पंत काय बोलले न्हाईत. पाणी प्याले आन् उठून ग्येले, नुसते. घरी येताना बब्रुवाननं मला इचारलं, "बने, काय म्हणले का गं पंत? माझे कान गच्च झालते." त्याच्या तोंडाकडं बघितलं, आन् माझ्या तोंडातनं ग्येलं, व्हय, गोड हाय म्हणले.